'न्यूरोनल मायग्रेशन'ला मराठीत काय म्हणाल?

शब्दखुळा:
पास्को राकिच यांच्या संशोधनावरचा एक लेख मराठीत करतोय. (आडनाव क्रोएशियन आहे, शेवटी 'च'. मी दोन पानं 'राकिक' लिहून मोकळा झालो होतो.) विषय असा: गर्भाच्या मेंदूत चेतापेशी जन्मतात आतल्या पोकळीच्या काठाशी आणि मग तिथून निघून वरच्या थरात आपापल्या जागी जाऊन बसतात. या जाण्याला मी सगळीकडे 'स्थलांतर' लिहिलं आहे. पण वाचताना डोळ्यांपुढे पक्ष्यांचे थवे येतात. पक्षी परत येतात, या पेशी कधीच परतत नाहीत. दुसरा शब्द आहे का?

कोशातला किडा:
परत येण्याची अट 'स्थलांतर'मध्ये मुळातच नाही. स्थल + अंतर, म्हणजे दुसरं स्थळ, एवढंच. ग्रामांतर, देशांतर, रूपांतर ही त्याच घडणीची भावंडं. परतीचा वास पक्ष्यांमुळे लागलाय, शब्दाचा त्यात दोष नाही. 'विस्थापन' मात्र चुकूनही नको, त्यात कुणीतरी हुसकावून लावल्याची भावना आहे. 'अभिगमन' कोशात शोभतं, वाक्यात नाही.

सूक्ष्मदर्शी:
माझं काम याच विषयाच्या आसपास आहे म्हणून थोडं लांबण लावतो. नाम 'स्थलांतर'च ठेवा, भांडण क्रियापदांशी करा. कारण या पेशी एकाच रीतीनं जात नाहीत.

काही पेशींचा वरच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेला धागा आधीच तिथे टेकलेला असतो. तो आखडत जातो आणि पेशीचा मुख्य भाग केंद्रकासकट वर ओढला जातो. याला 'सरकणे' म्हणा. दुसऱ्या पेशी अक्षरशः चढतात. आतल्या पोकळीपासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत ताणलेल्या लांबलचक आधारपेशी असतात, त्यांच्या धाग्याला बिलगून. राकिच यांनी १९७२ साली माकडाच्या गर्भाचे मेंदू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे बिलगणं दाखवून दिलं. तिसऱ्या प्रकारच्या पेशी आडव्या जातात, पृष्ठभागाला समांतर. इतर पेशींना आवर घालणाऱ्या बऱ्याचशा चेतापेशी अशा खालच्या दुसऱ्याच भागातून येतात, हे १९९७ च्या सुमारास उंदरांमध्ये स्पष्ट झालं.

आणखी एक: चेतापेशीचा लांब तंतू दूरवर पोचतो ते स्थलांतर नव्हे, ती वाढ. पेशी बसल्या जागी असते, हात लांबवते. स्थलांतरात सगळं बिऱ्हाडच हलतं. लेखात ही गल्लत झाली तर पुढचं सगळं फसेल.

शब्दखुळा:
ही गल्लत एका परिच्छेदात झालीच आहे, दुरुस्त करतो. त्या आधारपेशींना, म्हणजे इंग्रजीतल्या 'रेडियल ग्लिया'ला, मी 'त्रिज्यीय श्लेषपेशी' लिहिलं होतं. चालेल?

कोशातला किडा:
'त्रिज्यीय' नको. त्रिज्या हा ज्योतिर्गणितातला शब्द, तीन राशींची म्हणजे ९० अंशांची 'ज्या' (साइन). लांबी मोजायला उत्तम. इथे चित्र चाकाचं आहे, मध्ये पोकळी आणि तिथून चहूकडे निघालेले आरे. 'अर' म्हणजे आरा, म्हणून 'अरीय'. सममितीच्या बाबतीत हा शब्द रुळलेला आहेच.

'श्लेष' मात्र झकास! ग्रीक 'ग्लिया' म्हणजे गोंद. १८५६ साली रूडॉल्फ फिरखो यांनी या ऊतीला चेतातंतू चिकटवून ठेवणारं लुकण समजून 'न्यूरोग्लिया' नाव दिलं. संस्कृत 'श्लिष्' म्हणजे चिकटणे, मिठी मारणे. एका शब्दाला दोन अर्थ चिकटतात म्हणून अलंकारातला श्लेष, नाकातला चिकट श्लेष्मा तोही त्याच घरचा. चढणारी पेशी धाग्याला मिठी मारते म्हणताय, मग याहून नेमका शब्द कुठून आणायचा?

सूक्ष्मदर्शी:
शब्द गोड आहे, पण एक खोच आहे. फिरखोंच्या नावातला गोंद राकिच यांच्या कामानं शिडी झाला आणि २००१ पर्यंत कळलं की ही शिडी स्वतःच विभागून चेतापेशींना जन्म देते. म्हणजे लेक आईच्याच अंगाखांद्यावरून वर चढते. नाव 'श्लेषपेशी'च राहू द्या, बदलून गोंधळ वाढेल. पण पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात सांगा की ही जनकपेशीही आहे.

पदर:
मध्येच घुसते. 'पेशी'वर कुणीच बोललं नाही! सुश्रुतसंहितेत शरीरात पाचशे पेशी सांगितल्यात, त्या स्नायू. हिंदीत आजही मांसपेशी म्हणजे स्नायू आणि आपल्या पेशीला ते कोशिका म्हणतात. आणि 'मज्जापेशी' कुणी सुचवायच्या आत सांगते, वाचकाला हाडातली मज्जा आठवेल. चेतापेशीच बरी.

शिवाय 'इनसाइड-आउट' क्रमाला काय लिहिलंत? 'आतून बाहेर' वाचून कपडा उलटा घातल्यासारखं वाटतं.

शब्दखुळा:
तेच लिहिलंय. :(

सूक्ष्मदर्शी:
क्रम असा: आधी जन्मलेल्या पेशी खालच्या थरात बसतात, मागून येणाऱ्या त्यांना ओलांडून वर जातात. डीएनएचा एक घटक असलेल्या थायमिडीनच्या किरणोत्सारी रूपाची खूण करून पेशींची जन्मवेळ ठरवता येते, उंदरात हे १९६१ साली दिसलं होतं. 'धाकट्या वर, थोरल्या खाली' असं सरळ लिहा.

हा क्रम बिघडलेला एक उंदीर आहे, 'रीलर'. १९५१ मध्ये त्याचं वर्णन झालं. 'रील' म्हणजे झोकांड्या खाणे, तो तसाच चालतो. त्याच्यात नसलेलं प्रथिन १९९५ मध्ये सापडलं, त्याचं नाव पडलं 'रीलिन'. म्हणजे चाल नीट ठेवणाऱ्या प्रथिनाला नाव मिळालं झोकांडीचं.

पदर:
'झोकांड्या उंदीर' लिहाच! प्रथिन 'रीलिन'च ठेवा, विशेषनामाचं भाषांतर करू नये. आणि माणसात स्थलांतर बिघडून मेंदू गुळगुळीत राहतो, त्याला 'निर्वली' वगैरे नको. 'वळ्या नसलेला मेंदू' लगेच कळतं.

शब्दखुळा:
ठरलं तर: शीर्षकात 'स्थलांतर', मजकुरात सरकणे, चढणे, आडवं जाणे. 'अरीय श्लेषपेशी' घेतली. फक्त आडव्या जाण्याला (इंग्रजीत 'टँजेन्शियल') 'स्पर्शरेषीय' लिहिणं जिवावर येतंय. 'उभं' आणि 'आडवं' लिहिलं तर शास्त्रवाले मारतील का?

सूक्ष्मदर्शी:
मारणार नाहीत. पण मेंदू गोलसर आहे, त्यामुळे 'उभं' म्हणजे 'आतून पृष्ठभागाकडे' हे एकदा सांगून टाका. बाजूच्या भागात तुमचं 'उभं' जमिनीला समांतर असतं.