मदत हवी आहे: पद्मिनीत ११८ एनईचं इंजिन, सेल्फवर पेटतं पण चावी सोडली की बंद

फियाटवेडा_सांगली:

नमस्कार मंडळी. इंजिन बदलून झालं, बसलं, पेटलंही. आता वायरिंगनं घोडं अडवलंय.

गाडी प्रीमियर पद्मिनी. मूळच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बोअर करून करून संपला होता. पुन्हा स्लीव्ह मारण्यात पैसे घालण्यापेक्षा भंगारात निघालेल्या ११८ एनईचं निसान ए१२ इंजिन घेतलं, ११७१ सीसी, गिअरबॉक्ससकट. ११८ एनई ही प्रीमियरनंच १९८५ साली आणलेली गाडी, त्यामुळे अगदीच परकं इंजिन घातलंय असंही नाही. माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटरचे पाइप हे सगळं लेथवाल्यानं निस्तरलं. स्टिअरिंगवरचा गिअर खाली आला, ते आईला अजून पसंत नाही.

अडचण अशी. चावी फिरवून सेल्फ मारला की इंजिन लगेच पेटतं. चावी सुटून ‘ऑन’वर आली की त्याच क्षणी मरतं. खोकणं नाही, धडधडणं नाही, कुणी स्विच बंद करावा तसं. सेल्फ दाबून धरला तर पेटलेलं राहतं, पण तसं किती वेळ धरणार? सेल्फचा जीव जाईल.

बॅटरीच्या प्लसवरून एक वायर थेट कॉइलच्या (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारं वेटोळं) प्लसला लावली तर चावी सोडल्यावरही झकास चालतं, आयडलिंगसुद्धा बसतं. म्हणजे पॉइंट (इंजिन फिरताना कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), कंडेन्सर, रोटर, कॅप, टायमिंग, कार्बोरेटर यांत खोट नाही असं मी धरतोय.

डॅश आणि चावीचा स्विच पद्मिनीचेच आहेत. बॉनेटखालचं वायरिंग एका वायरमनकडून नवीन करून घेतलं. कॉइल इंजिनाबरोबर आलेली, बाहेरून बॅलास्ट रेझिस्टर (करंट आवरणारा) लागणारी. तिचं प्रायमरी वेटोळं, म्हणजे बॅटरीचा करंट घेणारं, मोजलं, १.५ ओहम. सिरॅमिकचा रेझिस्टर १.६ ओहम. सेल्फच्या सोलेनॉइडकडून (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) एक बारीक वायर कॉइलच्या प्लसला येते. सेल्फ मारताना बॅटरी बसते, तेव्हा रेझिस्टर टाळून कॉइलला थेट व्होल्टेज मिळावं म्हणून ती असते, एवढं मला कळलंय. बाकी सगळं टेपखाली गुंडाळलेलं.

इंजिन बंद, चावी ऑन ठेवून मीटरचे आकडे: बॅटरीवर १२.३ व्होल्ट. पॉइंट उघडे असताना कॉइलच्या प्लसवर १२.३. पॉइंट मिटलेले असताना तिथेच २.२.

वायरमनचं म्हणणं, पॉइंट उघडे असताना पूर्ण बारा येतायत म्हणजे वायर चांगली आहे, रेझिस्टर बदला. नवा रेझिस्टर आणून लावला, फरक शून्य. आता नेमकं कुठे बघू?

गॅरेजकट्टा:

कंडेन्सर बदलून बघा भाऊ. पन्नास टक्के केसेस कंडेन्सरच्याच असतात.

फियाटवेडा_सांगली:

कंडेन्सर गेला असता तर थेट वायरीवर तरी कसं चाललं असतं? तरी बदलून पाहिला, कारण खिशाला जड नाही. तसंच.

आंबाघाट:

सेल्फवर पेटतं आणि सोडलं की मरतं म्हणजे चोर त्या बायपास वायरीच्या आसपास आहे. ती वायर सोलेनॉइडवर नक्की कशाला जोडलीय ते बघा. काही सेल्फना बायपाससाठी वेगळा बारीक टर्मिनल असतो, सोलेनॉइड ओढला गेल्यावरच त्यात करंट येतो. तो सोडून चावीकडून येणाऱ्या टर्मिनललाच वायर बांधली, तर चावी ऑन असताना कॉइलकडचा करंट उलटा सोलेनॉइडच्या वेटोळ्यातून अर्थ होतो. कॉइल उपाशी राहते आणि लक्षणं डिट्टो तुमच्यासारखी.

जुनी_चावी:

आंबाघाट, चूक तुम्ही सांगताय ती बऱ्याच गाड्यांत बघितलीय. पण इथे ती नाही. सोलेनॉइडमधून गळती असती तर पॉइंट उघडे असतानाही करंट वाहत राहिला असता, आणि कॉइलच्या प्लसवर १२.३ कधीच दिसले नसते. यांना दिसतायत. म्हणजे पॉइंट उघडल्यावर कुठूनही काही वाहत नाही. खात्री हवी तर बायपास वायर सोलेनॉइडवरून काढा आणि पॉइंट मिटवून पुन्हा मोजा, २.२ तसेच राहिले तर तिचा संबंध संपला.

आता वायरमनच्या वाक्याकडे येऊ, कारण इथेच निम्म्या महाराष्ट्राची वायरिंग चुकते. ‘बारा येतायत म्हणजे वायर चांगली’ हे करंट वाहत असताना मोजलं तरच खरं. नळ बंद असताना चोंदलेल्या पाइपातही प्रेशर पूर्ण दिसतं, धार किती ते नळ सोडल्यावर कळतं. पॉइंट उघडे म्हणजे नळ बंद. मीटर स्वतः जवळजवळ काही ओढत नाही, त्यामुळे एक तार उरलेली वायरसुद्धा त्याला १२.३ दाखवते.

तुमच्याच आकड्यांवरून हिशेब बघा. पॉइंट मिटल्यावर कॉइलवर २.२ व्होल्ट, प्रायमरी १.५ ओहम. म्हणजे दीड अँपिअरच्या आत. आणि हवा किती? १.५ अधिक १.६ म्हणजे ३.१ ओहम, १२.३ व्होल्टला जवळपास ४ अँपिअर. तुमच्या सर्किटचा एकूण रेझिस्टन्स आठ ओहमच्या वर भरतोय. जास्तीचे पाच ओहम कुठेतरी लपून बसलेत. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या पटीत असते, त्यामुळे चारच्या जागी दीड म्हणजे स्पार्क सातव्या हिश्शावर आला. तेवढ्यावर इंजिन चालत नाही.

शोधायचं कसं: चावी ऑन, पॉइंट मिटलेले. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर पक्की बांधा. काळी पिन वाटेवरच्या एकेका ठिकाणी टेकवत चला. आधी स्विचची इनपुट वायर, मग स्विचचा इग्निशन टर्मिनल, मग रेझिस्टरची अलीकडची बाजू, मग कॉइलचा प्लस. वाटेत हरवलेले व्होल्ट मीटर सरळ दाखवेल. निरोगी वायरीत दोनतीन दशांश फार झाले. आकडा जिथे एकदम उडी मारेल, ती जागा उघडा.

चावी फार वेळ ऑन ठेवू नका, कॉइल तापते. आणि ती बॅटरीवरची थेट वायर फक्त चाचणीपुरती. त्यात कॉइल आठ अँपिअर ओढते, पॉइंट काळे पडतील. त्यावर गाडी फिरवू नका.

फियाटवेडा_सांगली:

काका, मोजलं. बायपास काढूनही २.२च, म्हणजे ती सुटली. बाकीचे आकडे:

स्विचच्या इनपुटला ०.१
स्विचच्या इग्निशन टर्मिनलला ०.२
रेझिस्टरच्या अलीकडे ७.७
कॉइलच्या प्लसला १०.१

मला स्विचवरच संशय होता, तो निर्दोष निघाला.

जुनी_चावी:

मग स्विच आणि रेझिस्टरच्या मधल्या वायरीत साडेसात व्होल्ट जळतायत. गुणिले दीड अँपिअर, म्हणजे अकरा वॅट. एवढी उष्णता एका जोडात साठत असेल तर हाताला कळलीच पाहिजे. चावी थोडा वेळ ऑन ठेवा आणि वायरीवरून बोटं फिरवत जा. फायरवॉलच्या रबर ग्रोमेटपाशी आधी बघा, जुनी आणि नवी वायरिंग बहुधा तिथेच भेटते.

फियाटवेडा_सांगली:

सापडलं! ग्रोमेटच्या आतल्या बाजूला, डॅशखाली. टेप बोटाला चिकटेल इतकी मऊ झाली होती. खाली जुनी वायर आणि नवी वायर नुसती पीळ देऊन जोडलेली, ना सोल्डर ना लग. जुन्या वायरीचं तांबं आतपर्यंत हिरवंकाळं. दोनतीन तारा तेवढ्या चकाकत होत्या, बाकीच्या हात लावताच तुटल्या.

चांगलं तांबं लागेपर्यंत वायर मागे कापली, सोल्डर करून स्लीव्ह चढवली. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्लसवर आता ५.९. चावी सोडली आणि इंजिन चालूच राहिलं. गल्लीतली पोरं जमा झाली.

एक शंका. बारा व्होल्टच्या गाडीत ५.९ बरोबर आहेत का?

जुनी_चावी:

बरोबर आहेत. उरलेले रेझिस्टरवर पडतात, तो त्यासाठीच आहे. आता पॉइंटचा गॅप अर्ध्या मिलिमीटरला लावा आणि टायमिंग लाइट मारून घ्या.

आंबाघाट:

जोड सापडला हे उत्तम, पण बाकीची वायरिंगही त्याच वयाची आहे. माझं मत, इग्निशनला रिले टाका, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीवरून पंधरा अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या टर्मिनलला, ८७ वरून रेझिस्टरला, ८५ अर्थ, आणि चावीकडून आलेली जुनी वायर फक्त ८६ ला. मग जुन्या वायरीवर रिलेपुरता चिमूटभर करंट राहतो.

एक वेगळी गोष्ट: आरसीवर इंजिन नंबर बदलून घेतलात का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. पासिंगच्या वेळी इन्स्पेक्टर बॉनेट उघडून नंबर वाचतो.

फियाटवेडा_सांगली:

आरटीओचे कागद एजंटशिवाय चालू आहेत, त्याचा वेगळा धागा काढावा लागेल.

रिले टाकला. आणि आता उलटंच! चावी बंद करून हातात घेतली तरी इंजिन चालूच. शेवटी गिअरमध्ये टाकून क्लच सोडून बंद केलं. इंजिन थांबल्यावर मात्र चावीशिवाय सेल्फ, दिवे, काहीच लागत नाही. रिले चिकटतोय का? दुसरा लावला, तोही तसाच.

गॅरेजकट्टा:

इंजिन गरम आहे, प्लग लाल होऊन पेट्रोल आपोआप पेटत असेल. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांना होतं असं.

जुनी_चावी:

तसं झालं तर इंजिन खडखडत, हिसके देत फिरतं. हे नीट आयडलिंगला चालतंय ना? एक सांगा, चावी काढल्यावर चार्जिंगचा दिवा मंद पेटतो का? आणि अल्टरनेटर त्या इंजिनाबरोबरच आला ना?

फियाटवेडा_सांगली:

हो, पेटतो! अर्ध्या उजेडावर. मला वाटलं डॅशच्या अर्थिंगचा घोळ असेल. आधी डायनॅमो होता, अल्टरनेटर आत्ता आला.

जुनी_चावी:

मग रिले निर्दोष आहे. चार्जिंगच्या दिव्याचं एक टोक चावीच्या इग्निशन लाइनला, दुसरं अल्टरनेटरच्या दिव्याच्या टर्मिनलला. चावी बंद केली तरी इंजिन फिरतंय तोवर तिथे चौदा व्होल्ट आहेत. ते दिव्यातून उलटे इग्निशन लाइनवर येतात. कॉइल थेट त्या लाइनवर होती तेव्हा एवढ्याशा करंटनं तिचं काहीच होत नव्हतं. रिलेचं वेटोळं मात्र साधारण ८० ओहमचं, आणि एकदा ओढलेला रिले धरून ठेवायला निम्मं व्होल्टेजही पुरतं. रिले धरून राहतो, इंजिन चालतं, अल्टरनेटर फिरतो, रिले धरून राहतो.

दिवा ते अल्टरनेटर या वायरीत एक डायोड घाला, तो करंट एकाच दिशेनं जाऊ देतो. १एन४००७ चालेल, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिल्लरमध्ये मिळतो. पांढरी पट्टी अल्टरनेटरच्या बाजूला. उलटा लावला तर दिवा पेटणार नाही आणि चार्जिंगही सुरू होणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

फियाटवेडा_सांगली:

लावला. चावी बंद, इंजिन बंद. चार्जिंग १४.१ येतंय, दिवाही नीट पेटून विझतो. काका, आंबाघाट, दोघांचे मनापासून आभार. दिव्याचा बल्ब जुना आहे, तिथे एलईडी टाकू का?

जुनी_चावी:

नको. त्या बल्बमधून जाणारा करंटच अल्टरनेटरला सुरुवातीला जागं करतो. एलईडीतून तेवढा जात नाही, मग सकाळी इंजिन बरंच रेस केल्याशिवाय चार्जिंग धरणार नाही. दोनतीन वॅटचा साधाच बल्ब ठेवा.