घरातल्या जुन्या छायाचित्रांचा काळ कपड्यांवरून आणि वस्तूंवरून कसा ठरवावा?

नौपाडेकर:

ठाण्याच्या नौपाड्यातले आमचे जुने घर पुनर्विकासासाठी रिकामे करताना आजीच्या लोखंडी ट्रंकेत काही कृष्णधवल छायाचित्रे सापडली. ती स्कॅन करून सर्व चुलत आणि आत्येभावंडांना द्यायची आहेत, परंतु एकाही छायाचित्रामागे तारीख नाही आणि घरात सांगितली जाणारी सालेही एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांतील तीन छायाचित्रांबद्दल येथील जाणकारांचे मत हवे आहे.

पहिले स्टुडिओतले आहे. आजोबा धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी अशा वेषात बसले आहेत, तर आजी नऊवारीत उभी आहे. दुसरे घराच्या पडवीतले असून आत्याने चकाकणारी, अगदी झुळझुळीत गोल साडी नेसली आहे, आजोबा बुशशर्ट आणि पँटमध्ये आहेत, आणि शेजारच्या तिपाईवर भोके पाडलेल्या चामडी आवरणातला छोटा रेडिओ दिसतो. हे छायाचित्र आत्याच्या लग्नाच्या वर्षीचे, म्हणजे १९५२ चे, असे सगळे ठामपणे सांगतात. तिसऱ्यात काका त्याच पडवीत खाटेवर आहेत. त्यांना क्षय झाला होता आणि ते १९५० साल होते असे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. खाटेजवळ स्टुलावर औषधाच्या बाटल्या आणि एक मोठा डबा आहे, आणि कठड्यापलीकडे रस्त्यावरच्या एका दुकानाची पाटी अर्धवट दिसते.

ही साले मी छायाचित्रांखाली लिहावीत का?

जुनी_तार:

दुसऱ्या छायाचित्राखाली १९५२ कृपया लिहू नका. आपण वर्णन केलेला रेडिओ ट्रान्झिस्टरच असणार. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये लागला हे खरे, पण त्यावर चालणारा पहिला खिशात मावणारा रेडिओ तिथल्या बाजारात आला तो १९५४ च्या अखेरीस, आणि जपानच्या सोनी कंपनीचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ १९५५ चा. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत तो सर्रास दिसू लागला तो साठच्या दशकात. त्याआधीचा रेडिओ म्हणजे व्हॉल्व्हचा लाकडी खोका, जो चालू केल्यावर तापायला थोडा वेळ घेई आणि ज्याच्यासाठी खोलीभर जाळीच्या पट्टीची एरियल ताणलेली असे. तो कोणी उचलून पडवीतल्या तिपाईवर आणत नसे, माणसेच त्याच्यापाशी जमत. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण प्रसारित होत असताना घरोघरी अशीच बैठक भरे. छायाचित्रात रेडिओ माणसांमागून पडवीत आला आहे, एवढ्यावरूनही काळ पुढे सरकतो.

एक व्यावहारिक सूचना. त्या काळी रेडिओ बाळगायला परवाना लागे आणि त्याची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागे. ट्रंकेत परवान्याचे पुस्तक असेल, तर त्यावरच्या शिक्क्यांवरून पुष्कळ गोष्टी उलगडतील.

कापडकर_ठाणे:

आमच्या घरात दोन पिढ्या कापडाचा व्यवसाय होता, म्हणून कपड्यांविषयी लिहितो. लोक जुन्या वस्तूवरून काळ ठरवू पाहतात, ही माझ्या मते मूळ चूक आहे. आजीची नऊवारी आणि आजोबांची टोपी यांवरून काहीही ठरत नाही, कारण १९३५ मध्ये नऊवारी नेसणाऱ्या अनेक स्त्रिया १९७५ मध्येही नऊवारीच नेसत होत्या. चौकटीतली सर्वांत नवी वस्तू शोधावी, कारण छायाचित्र तिच्या आधीचे असूच शकत नाही. पहिल्या छायाचित्रासाठी आजीच्या पोलक्याच्या बाह्या आणि कोटाची बेतणी नीट पाहावी, पण तेवढ्यावर निश्चित साल मिळेल असे मला वाटत नाही.

आत्याच्या साडीबद्दल घाई करू नये, कारण रेशीमही चकाकते. अंगाबाहेर झुळझुळत राहणारी आणि आतल्या परकराची कड पुसट दाखवणारी साडी असेल, तर ती नायलॉनची असण्याचा संभव अधिक. नायलॉनचे पायमोजे अमेरिकेत १९४० मध्ये सर्वत्र विक्रीला आले, पण युद्धात तो धागा पॅराशूटकडे वळला, त्यामुळे आपल्याकडे नायलॉनच्या साडीचे वेड पसरले ते युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी. आजोबांच्या शर्टाकडे मात्र भिंगातून पाहा. सुती शर्ट बसल्या जागी कोपरापाशी आणि पोटाशी चुरगळतो, टेरिलीन (पॉलिएस्टरचा कृत्रिम धागा) चुरगळत नाही. टेरिलीनचा शोध १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये लागला, आणि आपल्या ठाण्यातच केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात साठच्या दशकाच्या मध्यावर ‘टेरीन’ या नावाने हा धागा तयार होऊ लागला. आमच्या दुकानात त्यानंतर टेरिकॉटच्या (टेरिलीन आणि सूत यांच्या मिश्र कापडाच्या) तागांना वेगळे फडताळ करावे लागले होते, हे मला स्पष्ट आठवते. शर्टाला एकही चुणी नसेल, तर छायाचित्र त्या सुमाराचे असावे, असे मी सावधपणे म्हणेन.

वाशीकर_निवृत्त:

मी वैद्यकीय व्यवसायातून निवृत्त झालो आहे आणि उमेदवारीच्या काळात क्षयाचे बरेच रुग्ण पाहिले आहेत. काकांच्या छायाचित्राने मला थांबवले, कारण त्या काळात या रोगाच्या उपचारात जो पालट झाला, तो कपड्यांइतका डोळ्यांना दिसत नाही.

स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध १९४३ मध्ये सापडले, पण ते इंजेक्शन होते, दुर्मीळ होते, आणि ते एकटेच दिले तर जंतू त्याला लवकर दाद देईनासे होत. त्यामुळे १९५० मध्ये ज्याला परवडे तो पाचगणी किंवा मिरजेसारख्या ठिकाणी हवापालट आणि विश्रांतीसाठी जाई. आयसोनियाझिडच्या गोळ्या १९५२ मध्ये उपयोगात आल्या. त्यांच्या जोडीला पास हे औषध असे, जे दिवसाला कित्येक ग्रॅम घ्यावे लागे आणि ज्याने पोट बिघडे, म्हणून ते मोठ्या डब्यातून येई. आपल्या वर्णनातला डबा वाचून मला पासचीच आठवण झाली, अर्थात लेबल न पाहता मी तसे ठामपणे म्हणणार नाही. पुढे मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने घरी राहून औषधे घेणाऱ्या आणि सॅनेटोरियममध्ये राहणाऱ्या रुग्णांची तुलना केली. एक वर्षाच्या उपचारानंतर दोन्हीकडचे निकाल जवळपास सारखे आले, आणि घरच्या माणसांना होणारा संसर्गही घरी उपचार घेतल्यामुळे वाढलेला दिसला नाही. हे निष्कर्ष १९५९ पासून प्रसिद्ध होऊ लागले. म्हणजे पडवीतली ती खाट नाइलाजाचीही असू शकते आणि उपचाराची पूर्ण जागाही असू शकते. कोणती, हे सालावर अवलंबून आहे, म्हणून ते साल नीट शोधावे अशी माझी विनंती आहे. दुकानाच्या पाटीवर काय वाचता येते?

नौपाडेकर:

सर्वांचे मनापासून आभार. पाटीचा भाग मोठा करून पाहिला. नाव तुटले आहे, पण खाली ‘६२ न. पै.’ एवढे स्वच्छ वाचता येते.

जुनी_तार:

‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे. मग एक टोक पक्के झाले. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली आणि ‘नवे’ हा शब्द जून १९६४ मध्ये गळला. शिवाय ६२ नवे पैसे म्हणजे जुने १० आणे. हा बदलून लिहिलेला भाव दिसतो, म्हणून मी बदलाच्या पहिल्या काही वर्षांकडे झुकेन. पाटी पुढे अनेक वर्षे तशीच राहू शकते, तेव्हा दुसरे टोक सैल ठेवा.

नौपाडेकर:

काल धाकट्या आत्याला दूरध्वनी केला. ती म्हणाली की काका दोनदा आजारी पडले होते. पहिल्यांदा, तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाआधी, त्यांना मिरजेला पाठवले होते, आणि दुसऱ्यांदा ते घरीच होते. आजी त्यांना समोर उभी राहून गोळ्या घ्यायला लावत असे. म्हणजे १९५० हे साल खोटे नव्हते, ते दुसऱ्या आजारपणाच्या छायाचित्राला चिकटले होते. पडवीतल्या रेडिओच्या छायाचित्राबद्दल तिला एवढेच आठवते की थोरली आत्या तेव्हा दोन मुलांना घेऊन माहेरी आली होती. मुले छायाचित्रात नाहीत, म्हणून आम्ही सर्वांनी ते लग्नाच्या वर्षीचे मानले असावे. आजोबांच्या शर्टाला कोपरापाशी भरपूर चुण्या आहेत. परवान्याचे पुस्तक अजून सापडलेले नाही, एक पेटी उघडायची बाकी आहे.

तूर्त काकांच्या छायाचित्रामागे पेन्सिलीने ‘दुसरे आजारपण, एप्रिल १९५७ नंतर’ असे लिहिले आहे, आणि आत्याच्या छायाचित्रामागचे १९५२ खोडले आहे.