मदत हवी आहे: आईबाबांना कुठल्या स्टेट फेअरला नेऊ?

आम्ही शिकागोजवळ राहतो, आईबाबा सांगलीहून आलेत आणि सप्टेंबरच्या मध्यात परत जाणारेत. मॉल, डाउनटाउन सगळं दाखवून झालं पण बाबांचं आपलं एकच, "इथली गुरं कुठे दिसतात रे?" खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैलाच्या तोंडात हात घालून दात बघणारा माणूस, त्यांना काचेच्या बिल्डिंगा काय दाखवायच्या! म्हणून ऑगस्टमध्ये एक स्टेट फेअर, म्हणजे इथल्या राज्याची वार्षिक जत्रा, जिथे गुरंढोरंही बघायला मिळतात, करायचा विचार आहे.

विस्कॉन्सिनचा मिलवॉकीजवळच आहे, दीड-दोन तासांत पोचतो, आणि तिथले क्रीम पफ आईला नक्की आवडतील. पण मन ओढतंय डी मॉइनकडे, आयोवाच्या फेअरला, तिथे १९११ पासून लोण्याची अख्खी गाय करतात, साधारण पावणेतीनशे किलो लोणी! आई म्हणाली, एवढ्याचं तूप किती झालं असतं 😄 पण पाच तास ड्राइव्ह, त्यात आईचे गुडघे. मिनेसोटाला वासरं, कोकरं जन्मताना बघता येतात म्हणे, बाबा तिथून हलणारच नाहीत, पण ते आणखी लांब आणि लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी) वीकेंडला तर पाय ठेवायला जागा नसते.

कोणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलंय का? व्हीलचेअर भाड्याने मिळते का, सकाळी किती वाजता पोचावं, आणि आई शुद्ध शाकाहारी, तर भाजलेलं कणीस नि चीज कर्ड्स (चीजचे छोटे तळलेले तुकडे) सोडून तिला काय मिळेल?