मदत हवी आहे: आद्य-स्लाव्हिक ‘सुखु’ (कोरडा) या विशेषणाबद्दल

नमस्कार मंडळी. तौलनिक भाषाशास्त्र आवडीने वाचतो. सध्या आद्य-स्लाव्हिकमधल्या (रशियन, पोलिश वगैरेंची पूर्वज भाषा) पुनर्रचित, म्हणजे तुलनेवरून अंदाजलेल्या, ‘*सुखु’ या विशेषणापाशी अडलोय. यातला ‘ख’ घर्षक (हवा घासून उच्चारलेला), शेवटचा ‘उ’ अगदी ओझरता. रशियन ‘सुखोय’, पोलिश ‘सुखी’ त्यातूनच आले. संस्कृत ‘शुष्क’ आणि आपला ‘सुका’ त्याच मुळाचे, हे कळल्यावर राहवेना.

र, उ, क, इ यांच्यानंतर मूळ (या भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतला) ‘स’ बदलतो. स्लाव्हिकमध्ये त्याचा ‘ख’ होतो, संस्कृतात ‘ष’. इथवर ठीक. पण लिथुआनियन ‘साउसास’मध्ये (कोरडा) ‘उ’नंतरही ‘स’ तसाच कसा? तिथेच ‘विर्शुस’मध्ये (वरचा भाग) ‘र’नंतर मात्र ‘श’ झालाय! हा नियम बाल्टिकमध्ये (लिथुआनियन ज्या शाखेतली, तिच्यात) अर्धवटच पोचला, की नंतर ‘स’ परत आला?

दुसरं, व्याकरणाचं. निश्चित रूपात विशेषणाला ‘यि’ हे सर्वनाम चिकटतं: ‘सुखु-यि’, म्हणजे ‘तो (ठरावीक) कोरडा’. लिथुआनियनमध्येही अशीच रचना आहे. ती दोघांचा समान वारसा मानतात की स्वतंत्र घडण? या सर्वनामाचं आपल्या ‘जो’शी, संस्कृत ‘यः’शी नातं कितपत पक्कं धरायचं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं, ही कळकळीची विनंती. वाचायला काही सुचवलंत तर फारच उत्तम.