मायक्रोटोनल गिटारवर ठिपके कशाचे हवेत, मोजणीचे की सुरांचे?

सहावी_तार:
गिटारच्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांवर, ३, ५, ७, ९ ला एकेक आणि १२ ला दोन ठिपके हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की मायक्रोटोनल, म्हणजे सप्तकाचे १२ ऐवजी वेगळेच भाग पाडणाऱ्या, गिटारवरही लोक तेच आकडे उचलतात. परवा १९ ची गिटार हातात आली, म्हणजे सप्तकाचे १९ समान भाग, आणि दोन ठिपके चक्क १२ वर! त्या गिटारवर सप्तक १९ ला पूर्ण होतं, मध्यम ८ ला, पंचम ११ ला, १२ ला यातलं काहीच नाही. अर्धा तास मी चुकीच्या जागी हात टाकत होतो.
माझं म्हणणं, ठिपका सुराला लावा, मध्यम, पंचम आणि सप्तकाला. कारण फ्रेट किती का असेनात तार तीच असते, मध्यम साधारण पाव लांबीवर, पंचम एक तृतीयांशावर, सप्तक बरोबर निम्म्यावर. ६५० मिमी स्केलला (तारेची वाजणारी लांबी) नेहमीचा ५ वा फ्रेट नटपासून (जिथून तार सुरू होते ती टोकाची पट्टी) १६३ मिमीवर येतो, १९ मधला ८ वा १६४.५ वर आणि ३१ मधला १३ वा १६४ वर. म्हणजे आकडा बदलला तरी हाताची सवय मोडत नाही.

मोजून_वाजवतो:
१९ ला ठीक आहे हो, पण ३१ घ्या. नटपासून १३ पर्यंत एकही ठिपका नाही? फ्रेटमधलं अंतर नटपाशी १४ मिमी आणि सप्तकापाशी जेमतेम ७, तिथे एका फ्रेटची चूक डोळ्याला दिसतच नाही, कानाला मात्र ३९ सेंट (नेहमीच्या एका फ्रेटचे १०० सेंट) लगेच टोचतात. दर ५ फ्रेटला ठिपका द्या, विषय संपला.

सहावी_तार:
नाही संपत. ५, १०, १५, २०, २५, ३० आणि सप्तक ३१ ला, मग वरच्या सप्तकात सगळे ठिपके एका घराने सरकलेले. त्यापेक्षा ५, १०, १३, १८, २३, २८, ३१ करून बघा. शुद्ध स्वरांचं सप्तक आहे ते, कुठेही पाचापेक्षा जास्त मोजावं लागत नाही आणि प्रत्येक ठिपक्याला नाव आहे. फक्त मध्यम-पंचम पुरेत असं मला वाटायचं, ते ३१ साठी मी मागे घेतो.

मोजून_वाजवतो:
आणि काइट गिटार? ४१ ची, पण एकाआड एकच फ्रेट, म्हणजे सप्तकाला साडेवीस फ्रेट! त्याच तारेवर सप्तक दोन फ्रेटच्या मधे पडतं, तिथे काय ठिपका लावणार? दर ४ फ्रेटलाच लावतात तिथे, निव्वळ मोजणी.

सहावी_तार:
१२ वा फ्रेट म्हणजे २४ पायऱ्या, आणि ४१ मधे २४ म्हणजे पंचम, जवळजवळ तंतोतंत. म्हणजे तिथेही तिसरा ठिपका सुरावरच आलाय. बाकीचे मोजणीचे, हे कबूल.

पाव_स्वर:
ठिपक्यांपेक्षा नंबरांचा त्रास मोठा आहे. माझी २४ ची आहे, पाव स्वरांची, त्यावर १ ते २४ नंबर टाकले की पाठ असलेले सगळे टॅब (कुठल्या तारेवर कितवा फ्रेट दाबायचा ते आकड्यांत लिहिलेलं) बाद. मी ५, ५.५, ६ असंच लिहितो, जुना टॅब जसाच्या तसा वाजतो आणि नवे सूर पॉइंट पाचवर.

सहावी_तार:
२४ ला शंभर टक्के बरोबर, कारण जुने बाराही सूर तिथे जागेवर आहेत. पण १९ ला हे लावू नका. ए च्या तारेवर ए शार्प १ ला आणि बी फ्लॅट २ ला, दोन वेगळे फ्रेट, दोन वेगळे सूर. जुन्या टॅबमधे नुसता "१" लिहिलेला असतो, तो यातला कोणता? गाण्यात तो सूर कुठे चाललाय ते बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. म्हणून तिथे सरळ १ पासून मोजायचं आणि टॅब नव्याने लिहायचा.

पाव_स्वर:
हे लक्षात नव्हतं आलं. पण नव्याने टॅब लिहायची मेहनत कितीजण घेतील दादा? तिथेच लोक सोडून देतात.

नवी_तार:
माझी १९ ची पुढच्या आठवड्यात येतेय म्हणून विचारते, ट्यूनिंग कसं करता? ५ व्या फ्रेटची सवय आहे.

मोजून_वाजवतो:
८ वा दाबा, पुढची मोकळी तार जुळवा. फक्त जी (G) च्या तारेवरून बी (B) ची तार लावताना ६ वा. आणि ६ ला पण एक ठिपका मागून घ्या ताई, सहावी_तार काहीही म्हणोत.

सहावी_तार:
६ म्हणजे गंधार. घ्याच.