युरोपशी मुक्त व्यापार करार : मुदत महत्त्वाची की मजकूर?

धागा मांडणारे : भोसरीतील लघुउद्योजक (नोव्हेंबर २०२५)

भारत आणि युरोपीय संघ यांच्या मुक्त व्यापार कराराची बोलणी २००७ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये थांबली आणि जून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. यंदा फेब्रुवारीत युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन आपल्या आयुक्तांसह दिल्लीत आल्या, तेव्हा वर्ष संपण्यापूर्वी करार पूर्ण करण्याचे दोन्ही बाजूंनी ठरवले. ही प्रगती मला हवीच आहे. तरीही केवळ ३१ डिसेंबर गाठण्यासाठी सही करू नये, असे माझे ठाम मत आहे.

माझा कारखाना पोलादी नट-बोल्ट बनवतो आणि माझा मोठा ग्राहक जर्मनीतील एक घाऊक आयातदार आहे. बोल्टवर युरोपात आयात शुल्क आहे ३.७ टक्के, म्हणजे करार झाला तर माझी बचत एवढीच. मात्र ऑक्टोबर २०२३ पासून हाच ग्राहक दर तिमाहीला विचारतो, की एक टन बोल्टमागे किती कार्बन हवेत गेला. पोलाद मी बाजारातून घेतो. ते कोणत्या भट्टीत, किती कोळसा जाळून तयार झाले, हे मला व्यापारी सांगत नाही. १ जानेवारी २०२६ पासून युरोपचा सीमा कार्बन आकार, ज्याला सगळे 'सीबॅम' म्हणतात, प्रत्यक्ष लागू होईल आणि त्या कार्बनची किंमत आयातदाराला मोजावी लागेल. तो ती माझ्या दरातून कापून घेईल, यात मला शंका नाही. एका दाराने ३.७ टक्के मिळवायचे आणि दुसऱ्या दाराने त्याहून अधिक घालवायचे असेल, तर कारखान्यातल्या माणसांना मी या कराराचा फायदा काय सांगू?

प्रतिसाद : टॉवेल उत्पादक, सोलापूर

आपली अडचण खरी आहे, पण तिच्यासाठी संपूर्ण करार अडवून धरणे मला मान्य नाही. आमच्या टेरी टॉवेलवर युरोपात सुमारे दहा टक्के शुल्क लागते. पाकिस्तानच्या टॉवेलला २०१४ पासून विशेष सवलतीमुळे ते शून्य आहे, बांगलादेशाला अल्पविकसित देश म्हणून शून्य आहे आणि तुर्कस्तान तर १९९६ पासून युरोपच्या सीमाशुल्क संघातच, म्हणजे आपसांत शुल्क न लावणाऱ्या गटातच आहे. सूत आणि वजन तेच असताना आमचा माल केवळ शुल्कापायी दहा टक्क्यांनी महाग ठरतो, आणि टॉवेलच्या धंद्यात दहा टक्के नफा कोणाला सुटतो?

त्यातच २७ ऑगस्टपासून अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावले. ज्यांचा माल मुख्यतः तिकडे जात होता, त्यांच्याकडे आज पाळ्या कमी झाल्या आहेत. अशा वेळी दुसरी मोठी बाजारपेठ सहा महिने आधी उघडते की नंतर, हा तपशिलाचा प्रश्न राहत नाही. यंत्रमागावरच्या माणसाच्या हाताला काम मिळते की नाही, हे त्यावर ठरते. शिवाय वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदारांना युरोपने नुकतेच सीबॅममधून वगळले आहे, याचीही आपण दखल घ्यावी.

प्रतिसाद : द्राक्ष बागायतदार, निफाड

चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिका या द्राक्ष पाठवणाऱ्या देशांचे युरोपशी व्यापार करार आधीच झालेले आहेत, त्यामुळे शुल्क जावे ही आमचीही मागणी आहे. परंतु आमचा खरा धसका शुल्काचा नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या (वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या) अंशामुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. ज्या घटकाची तपासणी तोवर आपल्याकडे होत नव्हती, त्याच्यावरून संपूर्ण हंगाम हातचा गेला. आज प्रत्येक प्लॉटची नोंदणी होते, नमुना प्रयोगशाळेत जातो, तेव्हाच माल निघतो. ही शिस्त आम्ही अंगी बाणवली आहे. अवशेषांची मर्यादा बदलायची असेल तर छाटणीपूर्वी कळवावी, एवढे कलम करारात हवे. त्याशिवाय शून्य शुल्काचा मला फारसा उपयोग नाही, म्हणून मी धागा मांडणाऱ्यांच्या बाजूने आहे.

प्रतिसाद : औषधनिर्माणशास्त्राचे अध्यापक

बौद्धिक संपदेच्या प्रकरणाचा उल्लेख अद्याप कोणी केला नाही. मागच्या फेऱ्यांत औषधांच्या चाचण्यांच्या माहितीवर मूळ कंपनीचा ठरावीक वर्षे एकाधिकार असावा, अशी युरोपची मागणी होती. ती मान्य झाली तर त्या माहितीच्या आधारे इतर कंपन्यांना परवाना मिळणार नाही आणि पेटंट नसलेल्या औषधाचीही स्वस्त आवृत्ती लांबणीवर पडेल. जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट घेण्यास मनाई करणाऱ्या, आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिवेक या कर्करोगाच्या औषधाचे पेटंट नाकारले. ते धैर्य वाटाघाटींच्या टेबलावर खर्ची पडू नये. युरोपीय संसदेच्या संमतीशिवाय हा करार तिकडे लागू होत नाही, आपल्याकडे मात्र संसदेची मंजुरी घेण्याचे बंधनच नाही. म्हणून मुदतीची घाई आपल्यालाच अधिक महाग पडण्याचा संभव आहे.

धागा मांडणारे

सोलापूरच्या मित्रांनी मांडलेले पाळ्यांचे वास्तव मी नाकारत नाही, आणि त्यामुळे माझी भूमिका थोडी बदलतो. ५० टनांची सूट मात्र आयातदाराच्या वर्षभराच्या एकूण मालावर मोजली जाते. माझा ग्राहक अनेक पुरवठादारांकडून कंटेनर मागवतो. तो त्या मर्यादेत बसणे शक्य नाही.

मी आता असे म्हणेन, की करार याच वर्षी व्हावा, पण त्यात दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. ऑगस्टमध्ये अमेरिकेबरोबरच्या संयुक्त निवेदनात युरोपीय आयोगाने सीबॅमच्या अंमलबजावणीत आणखी लवचीकता देण्याचे मान्य केले. म्हणून पहिली अट अशी, की अन्य देशाला जी सवलत मिळेल ती आपोआप आपल्यालाही मिळावी. दुसरे म्हणजे, मालाच्या मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत वजा करण्याची तरतूद सीबॅमच्या नियमांतच आहे, तेव्हा आपल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेखाली (जिच्यात ठरलेल्या मर्यादेहून जास्त कार्बन सोडणाऱ्या कारखान्याला क्रेडिट विकत घ्यावी लागतात) मोजलेली रक्कम युरोपने ग्राह्य धरावी. पैसा इथे जमा झाला तर निदान इथल्या भट्ट्या सुधारण्यासाठी मागता येईल.

प्रतिसाद : टॉवेल उत्पादक, सोलापूर

पहिल्या अटीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दुसरीबाबत मी साशंक आहे, कारण आपली योजना अजून बाळसे धरत आहे आणि तिचे हिशेब युरोपच्या तपासनिसांना पटेपर्यंत वर्षे जातील. ती अट सहीआधीची न ठेवता, करारानंतर नेमल्या जाणाऱ्या संयुक्त समितीकडे ठरावीक मुदत घालून सोपवावी. तेवढ्यावर आपण तयार असाल, तर आपल्या दोघांच्या संघटनांनी वाणिज्य मंत्रालयाला एकच निवेदन पाठवावे. मसुदा मी या आठवड्यात करतो, बोल्टचे आकडे आपण द्यावेत.