माळावर चारलेले बोकड विकायचे कसे? सल्ला हवाय

माळावरचा: नमस्कार मंडळी. बार्शीकडे साडेचार एकर माळ आहे, २२ उस्मानाबादी शेळ्या. दोन वर्षांपासून जाळी लावून माळाचे ८ तुकडे केलेत, एका तुकड्यात चार-पाच दिवसच चारतो, आधी नुसती कुसळी होती तिथे आता मारवेल (चाऱ्याचं चांगलं गवत) परत यायला लागलंय. अडचण विक्रीची. व्यापारी येतो, पाठीवर हात दाबतो नि अंदाजाने आकडा सांगतो. मागच्या खेपेला बोकड गेल्यावर खरं वजन कळलं, पोटात गोळाच आला. शिवाय पावसाळ्यात करडांना हगवण लागते.

कोरडवाहू: दादा, आधी लटकता काटा घ्या, जिवंत वजनावर किलोनेच बोला. २५ किलोच्या बोकडाचं मटण ११-१२ किलो पडतं, तो हिशोब डोक्यात असला की कुणी फसवत नाही. चांगला पैसा बकरी ईदला. पण कुर्बानीला बोकड वर्षाचा पूर्ण लागतो, लोक दोन पक्के दात बघूनच घेतात, शिंग मोडलेलं नाहीतर कान कापलेला असला की नको म्हणतात. गाभणकाळ पाच महिने धरून दीड वर्ष आधी शेळी फळवायला (बोकड दाखवायला) लागतं, आणि ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते हे विसरू नका. वर्षभर गावातल्या ओळखीच्या घरांना व्हॉट्सॲपवर आधी नोंद घेऊनच द्या.

बांधावरची शेवरी: भाऊ, हगवणीचं मी सांगते. जंतांच्या अळ्या गवताच्या बुडाशी दोन-तीन इंचांत असतात, दंव असलं की वर चढतात. म्हणून ऊन वर आल्यावरच सोडा, आणि गवत चार बोटं उरलं की दिवस मोजत न बसता पुढच्या तुकड्यात हलवा. डोळ्याची खालची पापणी ओढून बघत जा, लालसर असली तर ठीक, पांढरी फटक दिसली तर जंतांनी रक्त कमी झालं असं समजा नि त्याच शेळीला डॉक्टरांना विचारून औषध, सगळ्या कळपाला सारखं पाजत राहिलं तर पुढे लागू पडत नाही. माझी एक पाठ (तरुण शेळी) गेली, जंतांनी जबड्याखाली पाणी साठलं होतं नि मला वाटलं काहीतरी चावलं असेल, अजून चुटपुट लागते. आंत्रविषाराची लस पावसाआधी, पीपीआरची (शेळ्यांच्या साथीच्या रोगाची) पण चुकवू नका. आणि खरं सांगू, कोरड्या माळाला २२ जास्तच होतात, पाल्यासाठी बांधाने शेवरी, सुबाभूळ, हादगा लावाच.

माळावरचा: ताई, आत्ताच पापण्या बघून आलो, तिघींच्या पांढऱ्या आहेत, सकाळी डॉक्टरांना बोलावतो. दादा, काटा १०० किलोचा घेऊ की ५० चा पुरेल?

कोरडवाहू: १०० चाच घ्या, ईदचा एखादा मोठा बोकड ५० च्या वरही जातो.